नसलेलं शिखर कसं रंगवावं?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिराला लोक बाराखांबी म्हणतात. यादवकाळातले नक्षीदार खांब अजून उभे आहेत, शिखर मात्र नाही. समजा, कुणी या खांबांची मापं घेऊन संगणकावर मंदिराचं त्रिमितीय मॉडेल केलं आणि त्यावर शिखरही चढवलं. ते फोटोसारखं हुबेहूब रंगवलं, तर मोजलेला खांब आणि अंदाजानं रचलेलं शिखर सारखंच खरं दिसेल. बीडच्या शाळकरी मुलांना असं चित्र दाखवणं मला फसवणूक वाटते.

हाताच्या चित्रात ही अडचण नसते. चित्रकार खात्रीची रेघ ठसठशीत ओढतो, शंकेची पुसट. संगणकालाही हे शिकवता येतं. मॉडेलमधला प्रत्येक बिंदू डोळ्यापासून किती दूर आहे आणि तिथला पृष्ठभाग कुठं तोंड करून आहे, हे त्याला ठाऊक असतं. अंतर एकदम बदललं की तिथं बाह्यरेषा, दिशा बदलली की दगडाची कड. साइतो आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी 1990 मध्ये ही रीत मांडली.

रंगाचे फटकारे त्याहून अवघड. ते पडद्यावर मारले, तर मॉडेल फिरवताना फटकारे जागीच राहतात आणि मंदिर त्यांच्यामागून सरकत जातं. 1996 मध्ये बार्बरा मायर यांनी मॉडेलच्या पृष्ठभागावरच कण चिकटवले आणि प्रत्येक कणाच्या जागी एक फटकारा मारला. मंदिर वळलं की रंगही वळतो. पुढच्याच वर्षी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी जलरंग साधले. ओल्या कागदावर पाणी कसं पसरतं, रंगकण कुठं बसतात, वाळताना कड गडद का होते, हे सगळं गणितानं.

माझ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेले ते जर्मनीतले थॉमस स्ट्रोथोट आणि सहकारी. माग्डेबुर्ग इथल्या सम्राट ओटोच्या दहाव्या शतकातल्या, आज नसलेल्या महालाचं मॉडेल त्यांनी रेखाटनासारखं दाखवलं. रेषेवरूनच माहिती कुठं पक्की आणि कुठं तर्क, ते कळावं हा हेतू.

ब्लेंडरसारख्या मोफत प्रणालीत रेखाटनाची सोय आज तयार आहे. खरं काम त्याआधीचं: मॉडेलमधल्या प्रत्येक दगडाला खात्रीचा आकडा जोडण्याचं. शिखर सिन्नरच्या गोंदेश्वरासारखं भूमिज शैलीचं धरायचं की आणखी कसं, हे यादव स्थापत्याच्या अभ्यासकालाच ठरवावं लागेल आणि त्याच्या शंकेइतकीच रेघ फिकट होईल.