डावखुरा सैनिक की उलटा फोटो?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. त्या वेळच्या उत्तरेकडील सैनिकांचे मूळ फोटो पाहिले, तर एक गंमत आढळते. पट्ट्याच्या बकलावरची 'यू' आणि 'एस' ही रोमन अक्षरे पुष्कळदा आरशात पाहिल्यासारखी दिसतात. कोटाची बटणेही भलत्याच बाजूला! असे का व्हावे?

फोटोच्या आधी आपले चित्र काढून घेणे ही श्रीमंतांची चैन होती. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, पण तिला चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा लागे. १८५६ मध्ये ओहायोतील प्राध्यापक हॅमिल्टन स्मिथ यांनी लोखंडी पत्र्यावरच्या फोटोचे पेटंट घेतले. हाच 'टिनटाइप'. नावात टिन असले तरी त्यात कथील नसते. लोहचुंबक लावला की तो चिकटतो!

पातळ लोखंडी पत्र्याला काळे रोगण देत. त्यावर आयोडाइड मिसळलेल्या कोलोडियनचा थर ओतून पत्रा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत. थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होई. पत्रा ओला असतानाच फोटो घेऊन तो हिराकसाच्या द्रावणाने धूत. जिथे प्रकाश पडला असेल तिथे चांदीचे बारीक कण साठत. उरलेला क्षार पोटॅशियम सायनाइडने किंवा हायपोने काढून टाकीत. काही मिनिटांत फोटो हातात!

पण हे चित्र खरे तर निगेटिव्हच. मग ते सरळ का दिसते? वर्गात करून पाहा. काचेच्या तुकड्यावर खडूची पूड पातळ पसरा. काच खिडकीसमोर धरली, तर पूड काळपट दिसेल. फळ्यासमोर धरली, तर तीच पांढरी दिसेल. टिनटाइपमधील चांदीही काळ्या रोगणावर उजळ दिसते आणि जिथे चांदी नाही तिथला काळा रंग सावली होतो. त्यामुळे कागदावर वेगळी प्रत काढावी लागत नसे, खर्च वाचे आणि साध्या शिपायालाही फोटो परवडे.

डाव्या-उजव्याची अदलाबदलही याच सोयीतून आली. भिंगातून पत्र्यावर पडणारी प्रतिमा मागून पाहिली, तर फक्त उलथी, म्हणजे अर्धा फेरा फिरलेली असते. ती सरळ केली की डावे-उजवे बरोबर. पण लोखंडातून आरपार दिसत नाही. चित्र पाहावे लागते ते भिंगाकडच्या बाजूने, आणि म्हणून ते आरशातल्यासारखे दिसते. निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढताना पुन्हा एकदा अदलाबदल होऊन हा दोष आपोआप जातो.

हे ध्यानात न घेतल्याने मोठी फसगत झाली. १८८० च्या सुमारास काढलेल्या टिनटाइपमध्ये बिली द किड या बंदूकबाजाचे पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. त्यावरून तो डावखुरा ठरला आणि १९५८ मध्ये 'द लेफ्ट हँडेड गन' नावाचा चित्रपटही निघाला. पण फोटोतच पुरावा होता. त्याच्या १८७३ च्या विंचेस्टर रायफलीत काडतुसे भरण्याचे दार उजवीकडे असते, फोटोत ते डावीकडे दिसते. म्हणजे चित्रच उलटे!

रंगही असेच फसवतात. हा थर निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनक्षम असतो, तांबड्याला जवळजवळ नाही. त्यामुळे निळे डोळे फिकट आणि तांबूस त्वचा काळसर दिसते. शिवाय काही सेकंद स्तब्ध बसावे लागे, डोक्यामागे आधाराचा दांडाही असे. म्हणून त्या चेहऱ्यांवरचा कठोरपणा स्वभावाचाच असेल असे नाही.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काचेवर आणि लोखंडावर काढलेले असे शेकडो फोटो आहेत. एका चित्रात गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक, त्याची पत्नी आणि दोन मुली आहेत. त्यांची नावे बराच काळ कोणालाच ठाऊक नव्हती. अशा माणसांचा इतिहास म्हणजे हे चित्रच. ते वाचायचे, तर आधी ते कसे तयार झाले हे समजले पाहिजे. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा असाच हा तास आहे.