वैमानिकीय वातावरणविज्ञान

वैमानिकीय वातावरणविज्ञान : विमानाचे उड्डाण, मार्गक्रमण व अवतरण यांवर परिणाम करणाऱ्या वातावरणीय घटकांचा अभ्यास करणारी वातावरणविज्ञानाची शाखा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत हा स्वतंत्र विषय असतो. दाब, तापमान, आर्द्रता, वारा, ढग व दृश्यमानता हे त्यातील मुख्य घटक होत. एका ठिकाणी मोजलेले हवामान थोड्या अंतरावरही तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही, ही गोष्ट शिकाऊ वैमानिकाने प्रथम ध्यानी घ्यावी लागते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या उदाहरणाने ती स्पष्ट होते.

भौगोलिक पार्श्वभूमी : ही शहरे अरबी समुद्र व सह्याद्री यांमधील चिंचोळ्या प्रदेशात खाडी व उल्हास नदी यांच्या काठी वसली आहेत. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचे, तर मुंब्र्याजवळ पारसिकचे डोंगर आहेत. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड व त्याच्या पलीकडे सु. ८०० मी. उंचीचे माथेरान आहे. विमान वाऱ्यास सामोरे ठेवून उतरविणे इष्ट असते. पावसाळ्यात वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून वाहत असल्याने मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर विमाने बहुधा पूर्वेकडून, म्हणजे डोंगर व ठाणे खाडी यांच्या बाजूने उतरतात. १२ जुलै १९४९ रोजी एक डच प्रवासी विमान घाटकोपरजवळच्या डोंगरावर, तर ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईकडे येणारे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. या ऐन पावसाळ्यातील दोन्ही अपघातांत विमानातील सर्व, प्रत्येकी ४५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

दाब व उंची : विमानातील तुंगतामापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो व त्यावरून उंची दाखवितो. समुद्रसपाटीवरील प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानतात. भूपृष्ठालगत दर ८ ते ९ मी. उंचीमागे दाब सु. १ हेक्टोपास्कलने घटतो. पावसाळ्यात येथील दाब प्रमाण मूल्यापेक्षा कमी असतो. तो १००० असताना उपकरण १०१३ वर ठेवल्यास विमान प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सु. ११० मी. अधिक उंचीवर असल्याचे दिसते. ढगांत डोंगर दिसत नसताना ही चूक घातक ठरते. म्हणून उतरण्यापूर्वी विमानतळाने कळविलेल्या दाबानुसार उपकरण जुळवून घेतात.

ढगांचा तळ : हवेचे तापमान व दवांक यांतील फरकास १२५ ने गुणले असता वर चढणाऱ्या हवेपासून बनलेल्या ढगांच्या तळाची उंची स्थूलमानाने मीटरमध्ये मिळते. तापमान २८° से. व दवांक २४° से. असल्यास ती ५०० मी. येते. नियंत्रित विमानतळ-क्षेत्रात दृश्य उड्डाण नियमांनुसार उड्डाण करण्यास ढगांचा तळ किमान ४५० मी. व दृश्यमानता ५ किमी. असावी लागते. म्हणजे विमानतळावर नियम पाळला जात असतानाच माथेरानचा माथा ढगात बुडालेला असू शकतो. डोंगराच्या वाताभिमुख उतारावर हवा वर ढकलली जात असल्याने तेथे ढग याहूनही खाली उतरतात.

वारे व वादळे : हिवाळ्यात व उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारे, तर दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. खारे वारे कल्याणकडे किनाऱ्यापेक्षा उशिरा पोहोचतात. वाऱ्याची दिशा पालटल्याचे ध्यानी न आल्यास विमान पाठवाऱ्यात उतरते व त्यास अधिक लांब धावपट्टी लागते. मोसमी पावसाच्या आधी व नंतर सह्याद्रीवर दुपारी गर्जन्मेघ तयार होतात. त्यांतून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते व वाऱ्याची दिशा व वेग काही क्षणांत बदलतात. १३ मे २०२४ रोजी मुंबई परिसरात आलेल्या अशा धुळीच्या वादळात घाटकोपर येथे जाहिरात फलक कोसळून १७ व्यक्ती मरण पावल्या. विमानवाहतूकही काही काळ थांबवावी लागली.

दृश्यमानता : हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते व तिच्यालगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर राहतो. या तापमान व्युत्क्रमणामुळे वस्त्या व कारखान्यांचा धूर खोऱ्यात कोंडतो आणि सकाळी दृश्यमानता घटते.

माहितीचा उपयोग : विमानतळावरील प्रत्यक्ष हवामानाचा वृत्तांत ‘मेटार’, तर अंदाज ‘टॅफ’ या नावाने प्रसृत होतो. हे दोन्ही विमानतळ व त्याच्या निकटच्या परिसरापुरतेच असतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४.४ सेंमी., पण कुलाबा येथे केवळ ७.३ सेंमी. पाऊस नोंदला गेला. त्यामुळे वृत्तांताबरोबर रडारचित्रे, मार्गावरील डोंगरांची उंची व बदलाची दिशा यांचाही विचार करावा लागतो. पुढील ढगाचा तळ डोंगरमाथ्याच्या खाली आल्याचे दिसताच शिकाऊ वैमानिकाने ढगात न शिरता मागे वळावे; उड्डाणापूर्वीच शंका असल्यास उड्डाण पुढे ढकलावे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची ते जुहू टपालविमान नेऊन सुरू केलेली सेवाही पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने पुण्याहून चालविली जाई.