कलमांवरची छोटी मशीन: तीस वर्षांचा मागोवा

वाशीच्या एपीएमसीत हापूसचा सौदा पेटीतल्या डझनांवर होतो. चार-पाच डझनांत पेटी भरली तर फळ मोठं आणि भाव बरा. सात डझन लागले, तर विक्रीची पट्टी वाचताना बागायतदाराचं तोंड उतरतं. मोठं, बिनडागी फळ हवं तर कलमात ऊन-वारा खेळला पाहिजे, आणि त्यासाठी फांद्या काढल्या पाहिजेत. म्हणून बाजारातल्या भावाची चर्चा कोकणात बऱ्याचदा फवारणीवरून सुरू होते आणि करवतीवर येऊन थांबते. फांद्या कापायला कुठली चेनसॉ मशीन घ्यावी हा प्रश्न मीही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. प्रश्न तोच राहिला, उत्तरं मात्र दर दशकाला बदलली.

सुरुवात १९९० पासून धरावी लागते. त्या वर्षी राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. दहा बाय दहा मीटरवर एक कलम, म्हणजे हेक्टरी शंभर. १९९६ मध्ये मुंबईचा फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला आला. तेव्हा ही कलमं लहान होती आणि छाटणीला कोयता नि हातकरवत पुरत होती. मोठं लाकूड पाडायचं तर दोघांनी ओढायची करवत. हत्यारं घ्यायची ती मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून. १९९२ पासून लोकल वाशीपर्यंत येत होती, त्यामुळे माल उतरवून हार्बरने मशीद बंदर गाठायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, असा एक रिवाजच होऊन गेला.

पंधरा-वीस वर्षांत त्या कलमांच्या फांद्या एकमेकींत घुसल्या. आतल्या बाजूला मोहोर येईना, शेंड्यापर्यंत फवारा जाईना, झेल्याला फळ सापडेना. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांचं पुनरुज्जीवन सांगितलं: मधला शेंडा उतरवा, झाड बुटकं करा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. सांगणं सोपं होतं. मांडीएवढी फांदी हातकरवतीने कापायला गडी मिळेना. तिथून यंत्र बागेत आलं.

पहिली यंत्रं आली ती लाकूडतोड करणाऱ्या ठेकेदारांच्या हातून. त्यांना उभी झाडं पाडायची असत, म्हणून इंजिन मोठं आणि ज्याच्यावर चेन फिरते तो बार लांब. बागायतदारांनी तेच पाहिलं आणि तसंच घेतलं. जोडीला चिनी मशीन स्वस्तात येऊ लागली. अंगावर ५८ सीसीचं स्टिकर, २२ इंची बार, आणि रंग बहुधा नावाजलेल्या कंपनीशी मिळताजुळता नारिंगी. बार-चेन आणि इंधन धरून सहा-सात किलोंचं हे धूड जमिनीवर पडलेला ओंडका कापायला ठीक. कलमाच्या बेचक्यात उभं राहून ते पेलायचं म्हणजे जिवाशी खेळ.

छोट्या मशीनचा विचार त्यातून सुरू झाला आणि चर्चा दोन नावांभोवती फिरू लागली. एक जर्मनीची स्टिल: आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये स्टुटगार्टमध्ये सुरू केलेली, तिचं भारतातलं ठाणं पुण्यात. दुसरी स्वीडनची हुस्कवार्ना. १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून निघालेल्या या कंपनीने चेनसॉ केली ती थेट १९५९ मध्ये. स्टिलची एमएस १८० साधारण ३२ सीसीची आणि बार-चेन सोडून चार किलोंच्या आत. हुस्कवार्नाची १२० मार्क टू ३८ सीसीची, पण पाच किलोंना टेकलेली. कागदावर दुसरी मोठी, हातात पहिली हलकी. जपानच्या एकोने वर मूठ असलेल्या, अडीच किलोंच्या आतल्या मशीनही काढल्या, त्या खास झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी. त्या दोर-पट्टा बांधून, शिकलेल्या माणसानेच वापरायच्या.

पण एवढ्या तुलनेत एक गोष्ट हमखास सुटायची. लाकूड इंजिन कापत नाही, चेन कापते. चेन बदलताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कड्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, बारच्या खाचेत बसणाऱ्या दात्यांची जाडी, म्हणजे गेज, आणि त्या दात्यांची संख्या. छोट्या मशीनवर बहुधा तीन-अष्टमांश इंचाची बुटक्या दातांची चेन असते आणि तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. ५८ सीसीवाल्या चिनी मशीनला सहसा ०.३२५ पिचची चेन, तिला ४.८ मिलिमीटरची कानस. तालुक्याच्या दुकानात कुठली मिळते, हे न पाहता घेतलेली मशीन ऐन हंगामात खोपटात पडून राहते, मग ती कुठल्याही देशाची असो. धार गेली की ओळखायला यंत्र लागत नाही: चांगली चेन लाकडाच्या चकत्या उडवते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं की गडी जोर लावतो, बार तापतो, आणि दोष मात्र कंपनीला जातो.

या चेनची गोष्टही आंबेवाल्यांना ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी न्याहाळली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्याने आलटूनपालटून डाव्या-उजव्या बाजूला वळलेल्या दातांची चेन केली आणि १९४७ मध्ये विकायला काढली. आज बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या चेनचा दात त्याच घराण्यातला आहे. खोडकिड्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बागायतदाराच्या हातातलं हत्यार असं त्याच्याच भाऊबंदाचं देणं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत नारळ-सुपारीसकट वर्षानुवर्षांची कलमं आडवी झाली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वाटा अडलेल्या, वीज नाही, अशा दिवसांत ज्या वाडीत चालती मशीन होती, ती वाडी आधी मोकळी झाली. त्यानंतर घरोघरी खरेदी झाली. त्या घाईत कोणी ब्रँड पाहिला नाही, जे मिळालं ते उचललं. त्यातल्या कितीतरी मशीन नंतर बंद पडल्या, आणि कारणं साधी होती: पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मापाने न घालणं, चेन ऑइलच्या जागी गाडीतलं जळकं ऑइल ओतणं, आणि काम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल चार महिने तसंच ठेवणं.

आता वारा बॅटरीकडे वळला आहे. स्टिलची जीटीए २६ ही जेमतेम १० सेंटिमीटर बारची, एका हातात मावणारी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार-सहा इंची स्वस्त मशीन तर बाजारात जागोजाग दिसतात. मनगटाएवढी फांदी त्यांनी झटकन उतरते. ना दोरी ओढायची, ना पेट्रोल कालवायचं. पण १९९० च्या कलमांचे सोट त्यांना झेपत नाहीत.

एवढं सगळं पाहून माझं मत असं झालं आहे की एका बागेला एक मशीन हा हिशोबच चुकीचा आहे. बारीक छाटणीला बॅटरीवाली आणि जाड फांदीला ३०-३५ सीसीची, १४ ते १६ इंची बारची पेट्रोल मशीन. कंपनी ठरवताना आधी दुकानदाराला विचारावं: चेन आणि ती फिरवणारं स्प्रॉकेट दुकानात आहे का, कार्ब्युरेटर कोण उघडणार, आणि तो माणूस पावसाळ्यात फोन उचलतो का? दोन कंपन्यांची उत्तरं सारखी आली, तर हलकी घ्यावी. मशीनबरोबर दोन जादा चेन, योग्य मापाची कानस, चष्मा, हेल्मेट आणि हातमोजे त्याच पावतीत लावून घ्यावेत. आणि जो गडी ती चालवणार, त्याला बरोबर नेऊन आधी त्याच्या हातात द्यावी. पैसे आपले असले, तरी वजन दिवसभर त्याला पेलायचं आहे.