हवेशी झुंज आणि चाकांचा हिशेब

पोंभुर्ण्याहून मूल किंवा गोंडपिपरीच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वाराला खंडाळ्यासारखा घाट लागत नाही. दुतर्फा धानाचे बांध, मधूनच जंगलाचे पट्टे आणि बहुतांशी सपाट रस्ता. येथे दमवतो तो चढ नव्हे, तर समोरचा वारा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. दूर पल्ल्याचे सायकलिंग विदर्भाला आता अपरिचित राहिलेले नाही. साहजिकच, रोड बाइक घेतलेल्या तरुणासमोर काही महिन्यांत एक प्रश्न उभा राहतो : उंच रिमची ‘एरो’ चाके घ्यावीत काय? कार्बनच्या चांगल्या चाकांची जोडी कित्येकदा मूळ सायकलीइतकी महाग पडते. म्हणूनच हा निर्णय हौसेवर न सोडता हिशेबाने घ्यावयास हवा.

हवेचे गणित

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर हवेसाठी आठपट शक्ती खर्च होते. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची निम्म्याहून अधिक शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात जाते. या विरोधाचा मोठा वाटा मात्र सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो.

चाकांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. फिरत्या चाकाचा वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे सरकत असतो आणि तेथे प्रत्येक स्पोक हवा घुसळतो. रिम ४० ते ६० मिलिमीटर उंच केली, की स्पोकचा उघडा भाग कमी होतो आणि टायरवरून आलेली हवा रिमला बिलगून सुरळीत मागे जाते.

यातून लाभ किती? हवेचा विरोध भेदण्यास साधारण ११५ वॅट व टायरच्या घर्षणासाठी सुमारे ३५ वॅट खर्च करणारा स्वार धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाला नव्या चाकांनी चार वॅट वाचले, तर १०० किलोमीटरच्या अंतरात जेमतेम दोन मिनिटे वाचतील. उत्पादकांचे आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे असतात. त्या वेगाला हीच बचत सव्वातीन पटींहून अधिक दिसते. जाहिरातीतील वॅट वाचताना शेजारचा वेगही वाचावा तो यासाठीच.

आठ सेकंदांचा धडा

१९८९ च्या ‘टूर दे फ्रान्स’चा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरचा होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. फिन्याँच्या सायकलीला पुढे-मागे दोन्ही भरीव चाके होती, तर लेमाँडकडे फक्त मागचे. परंतु लेमाँडने हात पुढे जुळवून झुकण्याची सोय असलेले हॅंडल व निमुळते हेल्मेट वापरले. फिन्याँ उघड्या डोक्याने, मागे वेणी उडवीत धावला. लेमाँड ही स्पर्धा आठ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशीच्या फरकाची कारणे अनेक असतील. पण नुसत्या चाकांनी शर्यत जिंकता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

खर्चाचा क्रम

म्हणून पहिला खर्च बैठकीवर करावा. सीट व हॅंडल अंगाला जुळवून घेतले आणि कोपर वाकवून खाली झुकण्याचा सराव केला, तर वरील उदाहरणात दहा वॅटही वाचू शकतात. दुसरा खर्च चांगल्या टायर-ट्यूबवर. त्यातून चाकांइतकी किंवा अधिक बचत अल्प किमतीत होते. अंगाला घट्ट बसणारा पोशाख त्यानंतर. एवढे झाल्यावर चाकांचा विचार करावा.

चाके निवडताना काही गोष्टी तपासून घ्याव्यात. रिमची बाहेरील रुंदी टायरहून किंचित अधिक असली, तर हवेचा प्रवाह तुटत नाही. ब्रेक डिस्कचा की रिमवर दाबणारा, अॅक्सल कोणता आणि मागच्या हबवर आपली कॅसेट बसते की नाही, हे आधी पाहावे. आतील कडेला आकडा नसलेल्या ‘हुकलेस’ रिममध्ये त्यासाठी मान्य केलेलाच टायर घालावा आणि हवा ७२.५ पीएसआयच्या वर भरू नये. जुन्या सवयीने शंभर-सव्वाशे पीएसआय भरल्यास टायर रिमवरून सुटून गंभीर अपघात होऊ शकतो.

आपल्या रस्त्यांचे वास्तव

उंच रिमचा मोठा दोष म्हणजे आडवा वारा. पुढचे चाक शिडासारखे वारा धरते आणि हॅंडलला हिसका बसतो. चंद्रपूर परिसरातील रस्त्यांवर अवजड ट्रकची वर्दळ असते. ट्रक शेजारून गेला की क्षणात वाऱ्याची दिशा पालटते. अशा ठिकाणी, विशेषतः कमी वजनाच्या स्वाराने, पुढे ३५ ते ४० मिलिमीटरची आणि मागे थोडी उंच रिम ठेवणे शहाणपणाचे. खड्डेही विसरू नयेत : अॅल्युमिनियमची वाकलेली रिम बहुधा सरळ करता येते, तडकलेली कार्बनची रिम बदलावीच लागते आणि तालुक्याच्या गावी ती सहसा मिळत नाही.

उन्हाळ्याचा एक अल्प दिलासा आहे. ४५ अंश तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून विरोधही तितकाच घटतो. पण तो उकाडा शरीराचे बळ त्याहून अधिक हिरावून घेतो. त्यामुळे स्वार पहाटे निघतात, आणि जंगलाच्या पट्ट्यात तीच वाघ-अस्वलांच्या वावराची वेळ. उजाडण्याची वाट पाहणे, सोबत असणे आणि पुढे-मागे चांगला दिवा असणे, या गोष्टींनी एक वॅटही वाचत नाही. पण कोणत्याही चाकापेक्षा त्यांचे मोल अधिक आहे. चाकांसाठी पैसे साठविताना आधी दिवा घ्यावा. वाचलेल्या दोन मिनिटांचा उपयोग सुखरूप घरी पोहोचणाऱ्यालाच होतो.