गाणं बहिणाबाईंचं, आवाज कोणाचा?

तबकडीवरची नावं : भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत होतो. ब्रेंडा हॉलोवे या गायिकेनं आपलं एक गाणं १९६७ साली गायलं. ते रचण्यातही तिचा हात होता. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका बँडनं ते गायलं आणि जगभर वाजलं ते त्यांचंच. मोटाउनचा सगळा झोत डायना रॉसवर होता, बाकीच्या गायिकांच्या वाट्याला उरलासुरला उजेड. हे वाचल्यावर ‘आपल्याकडे असं कोण?’ हा प्रश्न येणारच. त्याच्या उत्तरासाठी मुंबई गाठायची गरज नाही, जळगावजवळच्या असोद्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

‘अरे संसार संसार’ ठाऊक नाही असं घर जळगाव-धुळ्याकडे शोधूनही सापडायचं नाही. शाळेच्या पुस्तकात ती कविता, स्नेहसंमेलनात ते गाणं, आणि लग्नातल्या भाषणात त्यातली उपमा. गाणं कोणाचं, तर बहिणाबाईंचं. इथपर्यंत सगळे बरोबर असतात. गायलं कोणी, असं विचारलं की गडबड सुरू होते. कोणी ठामपणे लताबाई सांगतं, कोणी आशाताई. गायलं आहे सुमन कल्याणपूर यांनी. चित्रपट ‘मानिनी’, साल १९६१, दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार.

याच माने-पवार जोडीनं दोन वर्षं आधी ‘सांगत्ये ऐका’मध्ये आशाताईंच्या आवाजातल्या लावणीनं महाराष्ट्र वेडा केला होता. म्हणजे ग्रामीण ठसका हवा तर तो कुठे मिळतो, हे पवारांना पक्कं माहीत होतं. तरी बहिणाबाईंच्या या शब्दांना त्यांनी सुमनताईंचा आवाज दिला. मला ही निवड फार मोलाची वाटते.

बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, जन्म १८८०चा. अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य, आयुष्य शेतात आणि चुलीपुढे गेलेलं. त्यांच्या ओव्या मुलानं, कवी सोपानदेवांनी, कागदावर जपल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. या ओव्या लेवा बोलीतल्या. तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळे ‘डोये’ होतात आणि काळा ‘काया’. आणि गाणारी कोण? सुमन हेमाडी, जन्म १९३७चा, ढाक्याचा. मूळ घराणं कर्नाटकात कुंदापूरकडच्या हेम्माडी गावचं सारस्वत. वडील सेंट्रल बँकेत मोठ्या हुद्द्यावर, म्हणून बिऱ्हाड ढाक्याला, आणि १९४३ पासून मुंबईला. मुलगी चित्रकलेसाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेली आणि गाणं शिकली केशवराव भोळ्यांकडे. तापीकाठाशी संबंध शून्य!

अशा वेळी बहुतेक गायिका काय करतात? गावरान होतात. हेल काढतात, शब्द चावून म्हणतात, मध्येच एखादा ‘गं’ टाकतात. सुमनताई यातलं काही करत नाहीत. शब्द जसा आला तसा साधेपणानं म्हणतात आणि पुढे जातात. असोद्या-भादलीकडच्या एखाद्या आजीला तो उच्चार अगदी आपल्या घरचा वाटायचा नाही, पण सोंग घेतल्यासारखाही वाटत नाही. ओळीच्या टोकाशी त्या सूर ओढून धरत नाहीत, दुःखाच्या जागी गळा भरून आणत नाहीत. बहिणाबाई स्वतःच्या दुःखाबद्दल रडून बोलत नाहीत, हे त्या गायिकेला कळलं होतं असं हे गाणं ऐकताना वाटत राहतं.

यात तबकडीचाही एक जाच होता. ओवी जात्यावरची, दळण सरेपर्यंत चालणारी. एकच चाल, कडव्यामागून कडवं. आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावणार जेमतेम साडेतीन मिनिटं. लाखेची ही जड, ठिसूळ तबकडी अमेरिकेत पन्नाशीच्या अखेरीस मागे पडली, आपल्याकडे ती साठच्या दशकातही निघत होती. त्या साडेतीन मिनिटांच्या हिशेबात संगीतकारानं कडवी निवडायची, मध्ये वाद्यांचे तुकडे घालायचे आणि दर कडव्याला तीच चाल आली तरी कंटाळा येऊ द्यायचा नाही. हे शेवटचं काम गायिकेचं. चाल तीच राहते, पण दर वेळी वजन वेगळ्या शब्दावर पडतं. मुद्दाम लक्ष देऊन ऐका, ऐकू येईल.

मग नाव का विसरलं जातं? त्याची मुळं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या व्यवहारात आहेत, तशीच आपल्या रेडिओ ऐकण्यातही. कुत्र्याच्या चित्राची ही कंपनी म्हणजे त्या काळी आपल्याकडचं गाणंच म्हणा ना. कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. मराठी भावगीताला तिथे जागा करून दिली ती मूळच्या वकील असलेल्या ग. ना. जोशी यांनी. ते स्वतः पहिल्या फळीतले भावगीतगायक आणि १९३८ पासून कंपनीत अधिकारी. पण चित्रपटगीतांत गायकाच्या नावाची फिकीर फारशी नव्हती. ‘महल’ (१९४९) च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या ‘कामिनी’चं होतं. लताबाईंनी ही रीत मोडायला लावली. पुढच्यांना त्याचा फायदा झाला, तरी रेडिओवर नाव सांगितलं जाईलच याची खात्री नव्हती.

त्यात १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोक सिलोन लावू लागले. शॉर्टवेव्हची खरखर, सूर येतोय-जातोय, निवेदकानं नाव घेतलं तर घेतलं. अशा आवाजात वरच्या पट्टीतला बारीक, सुरेल गळा ऐकला की डोक्यात पहिलं नाव यायचं ते लताबाईंचं. तेव्हाचं ते मापच होतं.

आवाजात साम्य होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लताबाई आणि रफी यांचं रॉयल्टीवरून बिनसलं तेव्हा साठच्या दशकात काही वर्षं त्यांनी एकत्र गाणं सोडलं, आणि रफींबरोबरची बरीच युगुलगीतं सुमनताईंकडे आली. ‘राजकुमार’, ‘जब जब फूल खिले’ यांतली गाणी आजही ऑर्केस्ट्रात हमखास होतात. त्यातून एक शिक्का बसला : लताबाई नसतील तेव्हा सुमन. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो, कारण फरक आहे आणि तो ऐकू येतो. लताबाईंचा सूर वर चढताना धारदार होत जातो, सुमनताईंचा वर गेल्यावर आणखी मऊ होतो. म्हणूनच ‘निंबोणीच्या झाडामागे’ ही अंगाई त्यांच्याच गळ्यात शोभते. बाळ जागं होऊ नये इतक्या बेतानं ती गायली आहे.

मराठीनं त्यांना हिंदीपेक्षा बरं वागवलं, हेही सांगायला हवं. दशरथ पुजारींनी ‘केशवा माधवा’ दिलं, अशोक पत्कींनी ‘केतकीच्या बनात’ आणि ‘नाविका रे’. पत्की त्या वेळी नवखे होते. नवख्या संगीतकाराच्या चाली गायच्या म्हणजे नामवंत गायिकेसाठी जोखीमच, सुमनताईंनी ती घेतली. यातलं एकही गाणं कोणाच्या गैरहजेरीत मिळालेलं नाही.

सरकारी मान उशिरा आला. राज्याचा पुरस्कार मिळाला तोही लता मंगेशकरांच्या नावाचाच, आता याला काय म्हणावं! पद्मभूषण जाहीर झालं २०२३च्या जानेवारीत, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी.

जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं स्मृतिसंग्रहालय आहे. वापरातली भांडी, शेतीची अवजारं नीट मांडलेली आहेत, शाळांच्या सहली येतात. बाहेर पडल्यावर मोबाइलवर ‘मानिनी’तलं ‘अरे संसार संसार’ लावा आणि लागलीच ‘अरे खोप्यामधी खोपा’. दुसऱ्या गाण्यात लय जरा खेळकर आहे, आणि सुमनताईंना ‘नुसत्या संथ गाण्यांच्या’ म्हणणाऱ्यांचं त्यावर काय म्हणणं आहे, ते मला एकदा ऐकायचं आहे.

बहिणाबाईंच्या याच कवितांना यशवंत देवांनी पुढे वेगळ्या चाली लावल्या आणि त्या उत्तरा केळकरांनी गायल्या. त्या चालींबद्दल पुढच्या आठवड्यात.