बीडहून विमान, पण फक्त नकाशावरचं

‘बीड ते मुंबई विमानाने किती वेळ?’ असं मोबाइलला विचारलं, की काही संकेतस्थळं बिनदिक्कत सांगतात: अंतर तीनशेच्या वर किलोमीटर, वेळ वीस-पंचवीस मिनिटं. वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे विमान आहे! प्रत्यक्षात बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळच नाही. बीड शहरात रेल्वे आली तीसुद्धा सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन ठिकाणच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेल्या सरळ अंतराला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागलं, की असं उत्तर मिळतं. तो भागाकार आहे, वेळापत्रक नव्हे.

खरा विमानप्रवास सुरू होतो गेवराई, शहागड, पाचोड या रस्त्याने. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असलं, तरी गाडीने सव्वाशेच्या आसपास पडतं. म्हणजे दोन-अडीच तास. विमानतळावर किमान तासभर आधी पोहोचायचं, मग मुंबईचं उड्डाण तासाभराचं. उतरून सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पाच तास सहज होतात. मोटारीने थेट निघालेला माणूस तोवर निम्म्याहून पुढे गेलेला असतो.

पण चिकलठाणा ते मुंबई सरळ अंतर जेमतेम २८० किलोमीटर, मग तास कशाला लागतो? अंतर दुप्पट झालं की वेळही दुप्पट, हा हिशेब एसटीला ठीक आहे. विमानाला लागू पडत नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, खाली येणं, मुंबईवर उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणं, सगळं त्यातच. छोट्या उड्डाणात पूर्ण वेगाने उडायला वेळच उरत नाही. याच विमानतळावरून दिल्ली साडेतीन पट लांब, सुमारे ९८० किलोमीटर. वेळ मात्र दोन तासांच्या आतबाहेर. माझ्या मते बीडकराला विमान खरं परवडतं ते दिल्लीसाठी. मुंबईला जायचं तर रात्रीची बस बरी.

आणखी एक समज शिकलेल्यांतही भेटतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचतं. तसं असतं तर निवडणुकीतल्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर बीडवर नुसतं तरंगत ठेवलं असतं, आणि बाराएक मिनिटांत खाली मुंबई आली असती! या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही.

जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमानं उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात तसा एक उत्तर भारतावरही असतो. म्हणून लंडनहून मुंबईला येताना साधारण तासभर कमी लागतो, जाताना जास्त. समजुतीच्या बरोबर उलटं.