टेकडीवरचे पाणके

वसंताचे कौतुक कवींनी केले आणि त्याची झळ माळ्यांनी सोसली, असे आपल्या दख्खनच्या पठारापुरते तरी म्हणायला हरकत नाही. कॅलेंडरवर फाल्गुन लागतो, पळस पेटतो, पांगारा आणि काटेसावर अंगावरची सगळी पाने टाकून नुसत्या फुलांनी उभी राहतात. पिंपळाला तांबूस, लवलवती पालवी फुटते. रस्त्याने जाणारा माणूस मान वर करून पाहतो आणि म्हणतो, वा, वसंत आला. पण मान जरा खाली केली तर त्याच पळसाच्या शेजारी, दगडांच्या आळ्यात, गेल्या आषाढात लावलेले गुडघाभर उंचीचे एक रोप दिसेल. त्याला चार पाने उरलेली असतात आणि त्यांतली दोन कडेने करपलेली असतात. पळसाची मुळे मुरुमाच्या भेगांतून केव्हाच खोल उतरलेली आहेत. या पोराची अजून वीतभर खाली गेलेली नाहीत. वसंत हा त्याच्या परीक्षेचा काळ, आणि परीक्षा थेट मृगापर्यंत चालणार.

पुण्याला वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून मोकळा होतो. उरलेले आठ महिने जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर काढायचे. शेताच्या काळ्या मातीला हे जमते. टेकडीला मातीच मुळात वीतभर. खाली मुरूम, त्याखाली कातळ. पडलेले पाणी तिथे थांबायला तयार नसते, ते उतार धरून नाल्याकडे पळते. म्हणून टेकडीवर रोप लावणे सोपे आणि राखणे अवघड.

आपला सगळा उत्साह मात्र लावण्याच्या बाजूला असतो. आषाढात मांडव पडतात, पाहुणे येतात, तुकोबांच्या अभंगाची ओळ रंगवलेले फलक लागतात, फावड्याला हात लावल्याचे छायाचित्र निघते. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. २०१७ च्या जुलैत तो चार कोटींवर गेला, २०१८ मध्ये तेरा कोटींवर आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर. त्यांतली जगली किती, यावर पुढे विधिमंडळात बरीच वादावादी झाली. त्या वादात इथे शिरायचे कारण नाही. एवढेच लक्षात येते की लावण्याला तारीख असते, मुहूर्त असतो, आकडा असतो. जगवण्याला यातले काहीच नसते. एप्रिलच्या एखाद्या मंगळवारी सकाळी सहा वाजता कोणी पाहुणा येत नाही.

त्या वेळी येतात ते पाणके. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, म्हातोबा टेकडी, बाणेर-पाषाणच्या टेकड्या, पुण्याची कोणतीही टेकडी घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर भल्या पहाटे पायथ्याशी उभे राहिलात तर हातात पाच-पाच लिटरचे डबे घेऊन चढणारी माणसे दिसतीलच. डबा बहुधा गोडेतेलाचा, घासून धुतलेला, कडीला हात कापू नये म्हणून जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. पाणी कुठे पायथ्याच्या नळाचे, कुठे वर बसवलेल्या टाकीचे, कुठे वर्गणी काढून मागवलेल्या टँकरचे. काही जण फक्त फिरायला आलेले असतात, पण वाटेत भरून ठेवलेल्या डब्यांची रांग दिसली की एक उचलतात आणि वर नेऊन ठेवतात. कोणी सांगत नाही, कोणी आभारही मानत नाही.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर रोपे आणि प्रत्येकाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरा. म्हणजे आठवड्याला एक हजार लिटर, वजनात बरोबर एक टन. पाच लिटरचे दोनशे डबे. होळीपासून मृगापर्यंत बारा आठवडे धरले तर बारा टन पाणी माणसांच्या हातांनी चढ चढून जाते, तेही फक्त शंभर रोपांसाठी. आता वरचे कोटींचे आकडे पुन्हा एकदा वाचा.

ही माणसे कोण असतात? अशा प्रत्येक गटात एक निवृत्त बँकवाले काका हमखास असतात आणि त्यांची वही असते. वहीत रोपांचे क्रमांक, पाणी दिल्याची तारीख, शेरा. ‘क्र. ४७, वावळा, शेंडा गेला, बुडातून फूट.’ बँकेत लेजर जुळवायची सवय अशी सार्थकी लागते. एक शिक्षिका असतात. त्यांचा आवाज पलीकडच्या उतारापर्यंत पोचतो. संगणक कंपनीतली चार-पाच मुले फक्त रविवारी येतात, पण आली की तासाभरात चाळीस डबे चढवून मोकळी होतात. पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेले एक गृहस्थ असतातच. ते वर बसून डबे मोजतात.

‘‘काका, आज किती?’’

‘‘बावीस झाले. तेविसावा कोणी आणतंय का, की माझ्या नावावर लिहू?’’

‘‘तुमच्या नावावर कशाला? काकूंना कळलं तर आम्हालाच बोलतील.’’

एवढ्यावर सकाळ पुढे सरकते.

पाणी घालण्यातही रीत आहे आणि ती नवख्याला शिकवावी लागते. नवा स्वयंसेवक रोज तांब्याभर पाणी रोपाच्या बुंध्याशी ओततो आणि पुण्य पदरी पडले असे समजतो. तांब्याभर पाणी वरची दोन बोटे माती भिजवते आणि दुपारपर्यंत उडून जाते. वाईट म्हणजे मुळांना वरच्या वर पाण्याची चटक लागते, ती खाली उतरायचे नाव घेत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदाच, पण पोटभर पाजायचे, आणि तेही सावकाश. कोणी आळ्यात छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून त्याच्या पाझरावर रोप सांभाळतात, कोणी बाटलीच्या बुचाला भोक पाडून ती उलटी खोचून ठेवतात. आळे उताराच्या वरच्या अंगाला उघडे आणि खालच्या अंगाला दगडांची पाळ घातलेले हवे, म्हणजे वळवाची एखादी सर आली तरी तिचे पाणी रोपापाशी थबकते. समपातळीवर खणलेले चर हे याच युक्तीचे मोठे रूप.

दुसरे काम पाचोळ्याचे. फाल्गुन-चैत्रात पाने गळतात, आणि गळालेले पान म्हणजे कचरा अशी आपली शहरी समजूत. सोसायटीच्या आवारात, बागेच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला ढीग करून काडी लावली जाते आणि सगळ्या आळीच्या डोळ्यांत धूर जातो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सार्वजनिक जागी कचरा जाळायला मनाई केली. नियम झाला म्हणून काडेपेटी काही थांबत नाही, तो भाग वेगळा. पण त्याच सुमारास पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याची कल्पना अगदी साधी: ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे त्यांची गाठ ज्यांना तो हवा आहे त्यांच्याशी घालून द्यायची. गच्चीवर बाग करणारी माणसे पोत्यांनी पाने घेऊन जाऊ लागली. टेकडीवरचे पाणके हीच पाने रोपाच्या आळ्यात चार बोटे जाडीने पसरतात, बुंध्यापासून वीतभर सोडून, कारण अगदी खेटून ठेवली तर साल कुजते आणि वाळवीला आमंत्रण जाते. या पांघरुणाखाली माती दुपारी हाताला गार लागते. आठ दिवसांचे पाणी मग दहा-बारा दिवस पुरते. वर सांगितलेल्या हिशेबात याचा अर्थ किती डबे वाचले, ते बँकवाले काका चटकन सांगतील.

आणि तिसरे काम, ज्याची सगळ्यांना धास्ती, ते आगीचे. वनखात्याच्या लेखी महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. टेकडीवरचे कुसळी गवत तोवर वाळून कोळ झालेले असते. विडीचे थोटूक, पार्टी करून न विझवलेली चूल, कधी मुद्दाम लावलेली काडी, एवढे पुरते. वारा असला तर घटकाभरात अख्खा उतार काळा होतो. दोन वर्षे जपलेली रोपे काही मिनिटांत जातात. म्हणून हंगामाच्या आधीच जाळरेषा काढायच्या: गवताचे रुंद पट्टे कापून, खरवडून जमीन उघडी करायची, म्हणजे आगीला पुढे जायला काही मिळत नाही. हे काम कंटाळवाणे असते, कुसळे मोज्यांतून पायांत जातात, आणि यश आले तर ते दिसत नाही, कारण त्या वर्षी काहीच घडत नाही. आग लागलीच तर ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात. पण हे धाडस अनुभवी माणसांचे; पोराटोरांना मागे ठेवावे आणि अग्निशमन दलाला व वनखात्याला आधी कळवावे, हे प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी बजावले पाहिजे.

इथपर्यंत सगळे एकदिलाने चालते. भांडण सुरू होते ते काय लावावे यावरून, आणि हे भांडण मोलाचे आहे असे मला वाटते. फाल्गुनात पुण्याच्या टेकड्या गुलाबी दिसतात. पाहुण्यांना अप्रूप वाटते. ती फुले उंदीरमारीची, म्हणजे ग्लिरिसिडियाची. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. भराभर वाढते, जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या टेकड्या झटपट हिरव्या करायला वनखात्याने ते मोठ्या प्रमाणावर लावले. टेकडी हिरवी झाली खरी. पण वनस्पतींचे अभ्यासक सांगू लागले की त्याच्या दाटीत सालई, मोई, गणेर अशी इथली झाडे मागे पडतात.

मग देशी झाडे लावायची टूम आली, आणि अभ्यासकांनी पुन्हा बोट वर केले: जिथे आधीपासून गवत आहे तिथे झाड लावूच नका! झाडासाठी घाम गाळणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही. पण ते खरे आहे. टेकडीचे गवताळ पठार ही रिकामी जागा नव्हे. चंडोल तिथे गवताच्या बुंध्याशी घरटे करतो, टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत खडे वाटतील अशी अंडी घालते, तितराची पिल्ले त्याच आडोशाने पळतात. आपण खड्डा खणतो तेव्हा कोणाचे तरी अंगण खणत असतो. काही गटांनी हे मनावर घेतले आणि पठार सोडून नाल्यांच्या काठाने, जुन्या खाणींच्या कडेने लावणी सुरू केली. काही अजून ऐकत नाहीत. हिरवळ म्हणजे झाडच, ही समजूत फार जुनी आहे.

झाडाच्या शेजारी रोवलेल्या नावाच्या पाट्यांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाला, मुलीच्या वाढदिवसाला माणसे एक झाड लावतात. वारज्याच्या टेकडीवरच्या वनाचे तर नावच स्मृतिवन. वनखाते, महापालिका, संस्था आणि नागरिक यांनी मिळून उजाड टेकडीवर उभे केलेले हे वन २०२० च्या जागतिक पर्यावरणदिनी केंद्र सरकारने नमुना म्हणून दाखवले आणि देशभर दोनशे नगरवनांची योजना जाहीर केली. पण योजनेच्या कागदावर न येणारी एक गोष्ट आहे. ज्याने वडिलांच्या नावाने झाड लावले तो मुलगा पुढे नोकरीसाठी दूर देशी जातो. झाड इथेच राहते. त्याला पाणी घालणारा माणूस त्या वडिलांना कधी भेटलेला नसतो, तरी पाटीवरचे नाव त्याला पाठ असते. तो घरी येऊन सांगतो की आज अमुक अण्णांना पालवी आली. आणि एखाद्या वैशाखात ते रोप वाळले तर? पाटी काढून ठेवायची की नाही, मुलाला कळवायचे की नाही, यावर पाणक्यांत पाऊण तास खल होतो. बहुधा कळवत नाहीत. पुढच्या आषाढात त्याच खड्ड्यात, त्याच जातीचे, तेवढ्याच उंचीचे दुसरे रोप लागते.

गुडघे हा या सगळ्या उद्योगाचा खरा कच्चा दुवा. वर्षानुवर्षे डबे चढवणारी माणसे आता सत्तरीत आहेत. रविवारची मुले येतात, पण बदली होते, घर बदलते, मूल होते आणि येणे सुटते. वही कोणाकडे द्यायची, हा प्रश्न काका हसत विचारतात, पण विचारतात.

तेवढ्यात झाडेच थोडी मदत करतात. रोपाला तीन उन्हाळे पाणी द्यायचे असा बहुतेक गटांचा ठोकताळा आहे. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात महिन्याने. मग बंद. हे बंद करणे डबा उचलण्यापेक्षा जड जाते. तिसऱ्या चैत्राच्या शेवटी रोप सगळी पाने टाकून काटकी होऊन उभे असते, आणि ते मेले आहे की नुसते उन्हाळा टाळते आहे, हे लांबून कळत नाही. अशा वेळी नख वापरतात. बुंध्याजवळची साल अगदी हलकी, तांदळाएवढी खरवडायची. खाली तपकिरी, कोरडे दिसले तर क्रमांकापुढे फुली. ओलसर हिरवे दिसले तर तिथे बोटाने थोडी माती लावायची, वहीत ‘आहे’ असा शेरा मारायचा आणि भरलेला डबा उचलून पुढच्या रोपाकडे चालू लागायचे.